सुबरावचे हाल आणि नाताळची खीर

हाल सांगावेत ते सुबरावनंच. उचगावहून हिंडलग्याकडे येताना रस्त्यापासून जरा आत पंधरा-वीस घरांची वाडी लागते, तिथं ही गोष्ट सगळ्यांनी केव्हाच मान्य करून टाकली होती. कुणी म्हणावं, काल थंडी वाजून ताप आला. सुबराव म्हणायचा, "ताप? मला टायफड झालता. एकवीस दिस निस्त्या पेजंवर व्हतो." कुणी म्हणावं, पाय मुरगळला. सुबराव पायजम्याची नळी वर करून नडगी दाखवायचा. समोरचा माणूस बिचारा आपला साधासुधा ताप घेऊन, थोडा लाजतच, घरी जायचा.

त्यात त्याचा आवाज. बत्तीस वर्षं सुबरावनं वडगावात यंत्रमागावर साड्या विणल्या. ज्या खोलीत बारा माग एकदम खडखडतात, तिथं माणूस कुजबुजायला शिकत नाही. पुढं माग थांबले, पण सुबरावचा आवाज काही खाली आला नाही. जेवताना तो बायकोला "मीठ दे गं" म्हणाला, की शेजारीण मीठ घेऊन दारात यायची.

आता त्याचे हाल खोटे होते, असं कुणी समजू नये. ते अगदी खरे होते. उन्हाळा संपता संपता मालकानं माग मोडीत घातले आणि सुबराव रिकाम्या हातांनी बायकोच्या माहेरच्या घरी, या वाडीत, राहायला आला. श्रावणात मागची भिंत पडली, तिथं निळी ताडपत्री बांधावी लागली. गणपतीच्या सुमारास शहरातल्या खडेबाजारात टेम्पोतून उतरताना पाय मोडला. पाय प्लास्टरात असताना शेळीनं रेशनकार्ड खाल्लं. ऑफिसात जाऊन त्यानं तसं सांगितलं, तर कारकून म्हणाला, "शेळीनं खाल्लं याला पुरावा काय?" सुबराव म्हणाला, "साहेब, शेळीच आणू काय?" कारकून म्हणाला, "फोटो आणा."

बायको मंगल. तिच्या आजोबांच्या वेळेपासून ते घर ख्रिस्ती. लग्नाच्या वेळी सासऱ्याच्या समाधानासाठी सुबरावनं डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी घेतलं होतं. केस भिजले, आत काही झिरपलं नाही. मंगल दर रविवारी उपासनेला जायची आणि तोही जायचा. शेवटच्या बाकावर, दाराशेजारी बसायचा आणि गाणी सुरू झाली की आपल्या पायाकडं बघत राहायचा. देव आहे की नाही, यावर त्याचं काही भांडण नव्हतं. "आसंल बी," तो म्हणायचा, "पर आमच्याकडं त्याचं लक्ष न्हाय. गिऱ्हाईक लई आसतील."

नोव्हेंबरच्या सुरुवातीला चर्चच्या मंडळीला नवे पाळक, म्हणजे धर्मगुरू, आले. शांतराज त्यांचं नाव. वय तिशीच्या आत, गाव पार रायचूरच्या पलीकडं. माणूस मनानं लोण्यासारखा, पण मराठीशी त्याची ओळख नवीकोरी. बायकांना तो "कधी आला?" म्हणायचा आणि बाप्यांना "बस गं" म्हणायचा. तरी शिकायची हौस मोठी. मंगलचा भाऊ परशराम, वाडीतला सगळ्यात खोडकर माणूस, त्यानं पहिल्याच आठवड्यात त्याला एक गुरुमंत्र दिला होता. "पाळकसाहेब, घाबरू नगासा. आमची मराठी अर्धी कानडीच हाय. शब्द अडला की कानडी समजून घ्यायचं. बसतंय बराबर."

शांतराजनं हे वहीत लिहून ठेवलं होतं.

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी उपासनेत साक्षी सुरू झाल्या. साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं, ते उभं राहून चार माणसांत सांगायचं. सुबरावचं प्लास्टर त्याच आठवड्यात निघालं होतं. मंगलनं त्याला कोपरानं ढोसलं. "उभं ऱ्हावा. पाय मोकळा झाला, देवाचं आभार मानतो, येवढं म्हणा आनि बसा. दोन वाक्यं."

सुबराव उभा राहिला तो आभार मानायलाच. पण साठ माणसं गप्प बसून आपल्याकडं बघताहेत, असा योग त्याच्या आयुष्यात कधी आला नव्हता. दोन वाक्यांत तो कुठं मावणार?

"भावांनो आनि बहिणींनो," तो म्हणाला आणि वरचा पत्रा घुमला. "यंदा माजं लई हाल झालं."

शांतराजनं झटकन मान वर केली. कानडीत दुधाला हालु म्हणतात, आणि बोलता बोलता शेवटचा उ गिळला की मागं उरतो तो हाल. सहा आठवडे हा तरुण पाळक एका अशा मराठी वाक्याची वाट बघत होता, जे त्याला डोक्यापासून शेपटीपर्यंत समजेल. ते आलं. या अण्णाकडं यंदा खूप दूध झालं!

"सकाळी उठलं की हाल," सुबराव म्हणाला, "सांज झाली की हाल."

दोन वेळा धार निघते, शांतराजनं मान डोलावली.

"घरात हाल, घराच्या भायेर हाल. कुठं ठिवू आनि काय करू, सुचंना झालंय."

शांतराज जागेवरून उठला.

"किती सांगू तुमास्नी? आवो, आमचं हाल कुत्रं खाईना!"

"भाळ छलो!" शांतराज ओरडला. फार छान, फार छान! कुत्र्यालाही नकोसं व्हावं एवढं दूध! अशी कृपा त्याच्या रायचूरकडच्या मुलखात कुणी स्वप्नातही पाहिली नव्हती.

आता मंडळीतल्या सगळ्यांना कामापुरती कानडी समजते, बोलायला मात्र कुणाला जमत नाही. घोटाळा तिसऱ्या वाक्यालाच सगळ्यांच्या ध्यानात आला होता. बायकांनी पदराचे बोळे तोंडात घातले. परशराम काहीतरी पडलं म्हणून बाकाखाली शिरला आणि तिथंच राहिला. पण बोललं कुणीच नाही, कारण तोवर शांतराज चालत शेवटच्या बाकापाशी आला होता. त्याचे डोळे भरले होते. त्यानं सुबरावचे दोन्ही हात हातात घेतले आणि प्रार्थना केली.

"देवा, या भावाला तू एवढे हाल दिला. धन्यवाद! याचे हाल कमी होऊ देऊ नको. याचे हाल दुप्पट कर!"

आणि मंडळी, प्रार्थना संपली की जे म्हणायची सवय आहे, ते म्हणून गेली. "आमेन."

मंगलचं आमेन त्यात सगळ्यात मोठं होतं, असं सुबरावचं आजही म्हणणं आहे.

"नाताळला गव्हाची खीर करू," शांतराजनं तिथंच जाहीर केलं. खपली गव्हाची, गूळ घातलेली खीर, जिच्यावर वाढताना दुधाची धार धरतात. "खीर मंडळीची, हाल सुबरावअण्णाचे! सगळे मिळून अण्णाचे हाल वाटून घेऊ!"

टाळ्या वाजल्या. काहींनी हसू लपवायला वाजवल्या, काहींनी नुसत्याच. सुबरावनं तोंड उघडलं. एक शब्द बोलला असता तर काम भागलं असतं. पण बत्तीस वर्षांत मागाच्या खडखडाटाखेरीज एवढा मोठा आवाज त्याच्यासाठी कशानंच केला नव्हता. त्यानं मान लववली आणि तो खाली बसला.

घरी जाताना मंगल पाच पावलं पुढं चालत होती. मग थांबली.

"आवो, बोल्ला का न्हाई?"

"टाळ्या वाजत व्हत्या."

"आपल्याकडं हाय काय? एक शेळी. ती कपभर देती, तीबी मनात आलं तर. नाताळला पावणं धरून दीडशे मानसं येत्यात!"

सुबरावनं बराच वेळ विचार केला. "कपात भागायचं न्हाय," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून सुबरावचं जिणं अवघड झालं. हाल सांगायची सोयच उरली नाही. पारावर जाऊन बसावं, सुस्कारा सोडावा आणि सुरुवात करावी, तर परशराम पुढं. "काय दाजी, हाल कसं काय? फॅट किती लागतंय?" गिरणीत गेला, तर गिरणीवाला म्हणाला, "सुबराव, हाल वाढल्यात म्हणं. डेअरीला घालतोस का घरीच?" सुबराव तोंड मिटून घरी यायचा. पोटात हाल साठत चालले आणि सांगायला माणूस नाही, ही अवस्था त्याच्यावर कधी आली नव्हती.

आणि हाल खरोखरच वाढले. सोमवारी शेळीनं कपभर द्यायचंही बंद केलं. मंगळवारी वानरांनी ताडपत्री फाडली. बुधवारी पडक्या भिंतीच्या दगडावर धडक्या पायाचा अंगठा ठेचला. गुरुवारी त्यानं शेळीचा फोटो काढून आणला, रेशनच्या कागदांवर ठेवला आणि तांब्याभर पाणी प्यायला आत गेला. बाहेर आला तेव्हा शेळी रवंथ करत होती आणि फोटो नव्हता.

सुबराव उंबऱ्यावर बसला. बोटांवर मोजायला लागला. यंदाचे जुने हाल किती? माग, भिंत, पाय, कार्ड. चार. रविवारपासूनचे नवे किती? शेळी, ताडपत्री, अंगठा, फोटो. चार.

"मंगल!" त्यानं हाक मारली. शेजारीणही बाहेर आली. "मंगल, देव हाय!"

"हाय की," मंगल तांदूळ निवडत म्हणाली. "तीस वर्सं मी दुसरं काय सांगतीया?"

"तसं न्हवं गं. खराच हाय! पाळकानं म्हटलं दुप्पट कर. केलं. चार दिसांत केलं! येवढं चटाचट तर कुठल्या आफिसात काम व्हत न्हाय. त्यो ऐकतोय, मंगल. निस्ता घोळ झालाय. पाळक कानडीत मागत व्हता आनि देव मराठीत ऐकत व्हता."

मंगलच्या हातातलं सूप तसंच राहिलं. नवरा चेष्टा करतोय की काय, म्हणून तिनं निरखून बघितलं. पण सुबरावचा चेहरा, बल्ब लागल्यावर अंधारी खोली दिसते, तसा दिसत होता. मागाच्या खोलीत बत्तीस वर्षं ओरडलेला माणूस. ज्याला वाटत होतं की वर कुणाच्या कानापर्यंत यातलं काही पोचत नाही. आणि त्याला आत्ता कळलं होतं की ऐकू जातं. सगळं ऐकू जातं. अर्थ जरा इकडंतिकडं झाला, एवढंच.

शुक्रवारी तो शांतराजकडं गेला. मनाशी ठरवून गेला होता की सरळ सांगून टाकायचं आणि ती प्रार्थना दुरुस्त करून घ्यायची.

शांतराज खोलीत एकटाच बिनदुधाचा चहा पीत बसला होता. सुबरावला बघून त्यानं अर्धा चहा त्याच्यापुढं सरकवला. "अण्णा, तुम्ही आला! बसा बसा. मी सांगू? मी इकडं आलं, सहा आठवडा झाला. लोक बोलतो, मी हसतो. काय समजत नाही, तरी हसतो. गाल दुखतो. आईला फोन करतो, म्हणतो, अव्वा, मला जमत नाही, परत येतो. मग तुमची साक्ष झाली. अण्णा, एक एक शब्द समजला! पहिला वेळ! आईला सांगितलो. आई रडली. आता परत ये म्हणत नाही."

भिंतीला एक पाटी टेकवून ठेवली होती. शांतराजनं स्वतः रंगवलेली. ठळक लाल मराठी अक्षरांत लिहिलं होतं: खीर - मंडळी. हाल - सुबराव.

सुबरावनं ती दोनदा वाचली. चहा संपवला.

"अक्षर झ्याक काढलासा," एवढं बोलून तो घरी आला.

आता गोष्ट नुसत्या त्याच्या नाकाची राहिली नव्हती. नाताळला दूध आलं नाही, तर सुबराव खोटा ठरणार, हे होतंच. पण ते पोरगंही ठरणार होतं, ज्याला मराठीतली पहिली गोष्ट समजली आणि तीच चुकीची समजली. मग पुन्हा गाल दुखेपर्यंत हसत बसणार, आईला फोन करणार.

शनिवारी दुपारी सुबराव शेळीच्या खोपटात शिरला आणि दार लावून घेतलं. गुडघे टेकवेनात, म्हणून डालगं पालथं घालून त्यावर बसला. जन्मात पहिल्यांदा तो स्वतःहून प्रार्थना करत होता आणि ती फक्त देवाच्या कानात करायची, असं त्यानं ठरवलं होतं.

"देवा, मी सुबराव. मंगलचा मालक. ते दुप्पट करायचं चुकून मागितलं गेलं. तुजी चूक न्हाय. ऐकलास तसं केलास. पर आता नीट ध्यान दे. दूध. द-ला उकार आनि ध. कानडीत म्हणशील तर हालु, शेवटचा उ गिळायचा न्हाय. म्हशीचं आसलं तर बरं. गाईचं चालंल. पिशवीतलं चालंल. दीडशे मानसाला धार धरता यील येवढं. मला टाळ्या मिळाल्या, मी गप बसलो, ही चूक माजी. पर ते पोरगं लांबनं आलंय रं. त्येच्यासाठी दे."

गल्लीत पाखडणाऱ्या बायकांची सुपं थांबली होती. परशराम अर्धी दाढी केलेला, तोंडाला साबण तसाच, दारात येऊन उभा राहिला होता. खोपटाचं दार उघडून सुबराव बाहेर आला, तर समोर मंगल.

"देवाला ऐकू गेलं का म्हाईत न्हाय," ती म्हणाली, "पर हिंडलग्याच्या जेलात नक्की गेलं आसंल."

परशरामानं साबण पुसला. "दाजी, आमची म्हस आटलीया, न्हाईतर खरंच दिलं आसतं," तो म्हणाला, आणि त्यात टोमणा नव्हता. वाडीत चार म्हशी. दोन आटलेल्या, एक गाभण, चौथीचं दूध रोज पहाटे शहरात रतिबाला जायचं. कुणाची इच्छा नव्हती असं नाही. पण इच्छेची धार काढता येत नाही.

नाताळची सकाळ उजाडली. दवानं भिजलेला रस्ता, दारोदारी कागदाच्या चांदण्या, पत्र्याच्या चर्चवर लाल-हिरव्या पताका आणि मागल्या अंगाला चुलवणावर रटरटणारी खीर. गुळाचा वास वाटेनं पुढं येऊन माणसांना हाताला धरून नेत होता. मंगल नवं लुगडं नेसून तयार झाली. बघते तर सुबरावनं कोनाड्यातली मोठी किटली काढून चिंचेनं घासून लख्ख केली होती.

"मोकळी किटली घिऊन जानार?"

"देवानं भरली न्हाय त्याला मी काय करू? किटली तर माजी हाय. तेवढी न्यायाला पायजे."

चर्चच्या दारात शांतराज उभा. किटली बघून त्याचा चेहरा खुलला. "अण्णा! हाल आणला?"

"आणलं की," सुबराव म्हणाला आणि शेवटच्या बाकाकडं न वळता सरळ पुढं चालत गेला.

गाणी झाली, वचन वाचून झालं. सुबराव उभा राहिला. किटली त्यानं पायाशी ठेवली.

"पाळकसाहेब, मला परत साक्ष द्यायची हाय. मागली चुकली." पत्रा घुमला. "हाल म्हंजे दूध न्हवं."

शांतराज हसत होता, ते हसू तसंच तोंडावर राहिलं.

"तुमच्यात आसंल. आमच्यात हाल म्हंजे..." सुबराव थांबला. जन्मभर हाल सांगत आलेला माणूस, पण हाल म्हणजे काय हे सांगायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

"कष्ट!" मागून परशराम ओरडला.

"तरास!" एक बाई म्हणाली.

"उपासमार! पायमोड! शेळी!" चहूबाजूंनी मदत यायला लागली.

शांतराज हळूहळू मागं जाऊन एकेक वाक्य आठवत होता. त्याचे ओठ हलत होते. "सकाळी कष्ट... संध्याकाळी कष्ट... घरात, बाहेर..." मग त्यानं विचारलं, "अण्णा, आणि कुत्रा?"

"कुत्र्यालाबी नगं वाटंल येवढं कष्ट."

"अय्यो देवरे!" शांतराजचा हात कपाळाला लागला. "मी... मी दुप्पट कर म्हणलो?"

"व्हय. झालं की दुप्पट. चार दिसांत."

"आणि सगळे आमेन म्हणला?"

"सगळी म्हटली. माजी बायको सुदीक."

बायकांच्या बाजूला कुणीतरी फुस्कन हसलं. ती मंगल होती. तिनं पदर तोंडात कोंबला, पण उशीर झाला होता. दोन आठवडे सगळ्यांनी दाबून धरलेलं हसू एकदम फुटलं. म्हातारी माणसं दात सांभाळत हसली. पेटीवाल्याचं कोपर पेटीवर पडलं आणि पेटीही भों करून हसली. शांतराज मात्र रडवेला झाला होता. "अण्णा, क्षमा करा. मी आता प्रार्थना करतो, देवा, ते आमेन परत घे..."

"परत नगो!" सुबराव ओरडला. "पाळकसाहेब, ऐका माजं. बत्तीस वर्सं मी मागावर गाऱ्हाणं सांगितलं, कुनाला ऐकू गेलं न्हाय. वर तर जातच नसंल म्हटलं. तुमच्या प्रार्थनेनं मला कळलं, वर ऐकू जातंय. चुकीचं ऐकू गेलं, पर गेलं! आवो, त्यो गोठ्यात जलमलेला देव. त्येला गाईगुरांची भाषा समजती, तर तुमची कानडी आनि माजी मराठी समजंल कवातरी. घाई काय हाय? निस्तं दुप्पट म्हणू नगासा फुडच्या येळला. आदी विचारून घ्या."

आणि हे म्हणता म्हणता त्याला आपल्याच पाठोपाठच्या हालांची रांग डोळ्यांपुढं दिसली. फोटो चघळणारी शेळी दिसली. तो हसायला लागला. असा हसला की मोडलेला पाय आणि ठेचलेला अंगठा दोन्ही एकदम दुखले, तरी थांबेना. शांतराजनं त्याच्याकडं बघितलं, मग मंडळीकडं, आणि मग तोही हसला. सात-आठ आठवड्यांत पहिल्यांदा त्याला समजत होतं, आपण कशाला हसतोय.

खिरीच्या पंगती अंगणात बसल्या. गरम खीर पत्रावळींवर पडली. दूध नाही म्हणून कुणाचं काही अडलं नव्हतं, पण परशरामला राहवेना. त्यानं किटली उचलून सुबरावच्या हातात दिली. "दाजी, पाटीवर तुमचं नाव हाय. वाढा."

दुसरा कुणी असता तर ओशाळला असता. सुबरावनं बाह्या सरसावल्या, खांद्यावर पंचा टाकला आणि मोकळी किटली घेऊन पंगतीत शिरला.

"हाल वाढू?"

"वाढ थोडं," पहिला म्हणाला. सुबरावनं किटली वाकडी केली. "बास बास! लई झालं!"

"तुला, आक्का?"

"अर्धी वाटीच. मला सोसत न्हाय."

"ताजं हाय न्हवं?" तिसरा म्हणाला.

"सक्काळचंच."

शांतराजनं दोन्ही हातांनी पत्रावळ उचलून धरली. "मला भरून वाढा, अण्णा. मी लांबचा." सुबरावनं त्याच्यापुढं किटली चांगली उपडी केली आणि बुडाला दोन चापट्याही मारल्या. कुणी "आमच्यात साखर हाय का" विचारत होतं, कुणी "साय इकडं टाका" म्हणत होतं. मोकळ्या किटलीतून एवढं कधी कुणी वाढलं नसेल, आणि पंगतीतल्या प्रत्येकानं त्यातलं घोटभर का होईना घेतलं.

पंगतीच्या शेवटी राजाबाई बसली होती. वीस वर्षं ही म्हातारी चर्च झाडत आली आहे. सगळ्यांच्या आधी येते, सगळ्यांच्या शेवटी जाते. तिनं आजवर कधी साक्ष दिली नाही, आणि द्या असं तिला कुणी म्हटलेलंही कुणाला आठवत नाही.

"हाल वाढू, आक्का?"

राजाबाईनं पत्रावळीवर हात आडवा धरला. "मला नगं रं, बाबा," ती हसून म्हणाली. "माजं मला हाय की."

सुबरावची किटली तशीच वाकडी राहिली. पुढच्या माणसाकडं जायचं होतं, पण पुढं माणूस नव्हता. त्यानं किटली खाली ठेवली आणि पाय सांभाळत, भुईला हात टेकत, तिच्याशेजारी बसला.

"मग मला वाढ की थोडं," तो म्हणाला. आणि खरं सांगायचं, तर हे त्यानं इतकं हळू म्हटलं, की फक्त तिलाच ऐकू गेलं.

राजाबाईनं त्याच्याकडं बघितलं. "कुठनं सांगू?"

"पयल्यापासनं."

ती सांगायला लागली. माळावरचं घर, नदीत गेलेला भाऊ, सावत्र आई. दोनदा सुबरावच्या तोंडात "ते काय, माजं ऐक" आलं, आणि दोनदा त्यानं ते खिरीशिवाय गिळलं. पंगती उठल्या, दुसऱ्या बसल्या. मंगल खिरीचं वाडगं घेऊन आली, "आवो, तुमी अजून जेवला न्हाईसा," म्हणत. सुबरावनं नुसता हात वर केला, थांब. राजाबाई आत्ता कुठं लग्नापर्यंत आली होती.